वडाखालचा नाका

माझ्या लेकीचा, शालूचा, उजवा पाय जन्मापासून आत वळलेला. न्हाऊ घालताना मी तो तळहातावर घ्यायची. इतका लहान पाय, आणि त्याची टाच सदा आकाशाकडे. खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी तो दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "सरळ होईल. पण दर आठवड्याला प्लास्टर बदलायला आणावं लागेल. खेपा चुकल्या, तर केलेलं सगळं वाया जाईल."

आमचं गाव अमडापूरहून खामगावला जाणाऱ्या सडकेवर. सडक आपली म्हणायला. उघाडीत तिच्यावरून भगवानरावांची लारी चाले. कापसाच्या बोजांवर माणसं बसत आणि त्या दिवशी भगवानरावांच्या मनात येईल ते भाडं देत. पावसाळा लागला की लारी त्यांच्या वाड्यात ताडपत्री पांघरून झोपायची. मग उरायची बैलांची बंडी. नाल्याला पाणी असलं की बंडीही नाही. त्यात निंदणाच्या दिवसांत शालूच्या बापाला, म्हणजे निवृत्तींना, बैल सोडून कुठं जाता येत नव्हतं. त्या पावसाळ्यात आमच्या खेपा चुकल्या. भादव्यात प्लास्टर ओलं होऊन आपोआप गळून पडलं, आणि आत पाहते तर पाय पुन्हा आत वळायला लागलेला.

म्हणून जिल्ह्याच्या बोर्डाची दवंडी ऐकली तेव्हा मी भाकरी तव्यावर ठेवून दारात धावले. नाल्यावर दगडी रपटा बांधायचा, वरून पाणी गेलं तरी चाकं पार होतील असा. आणि अमडापूर ते खामगाव माणसांसाठी बारमाही मोटर. त्यासाठी शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा मोटरपट्टी. गावाची मर्जी असेल तर. कोजागिरीनंतर मारुतीच्या पारावर सभा भरायची आणि एकेका खातेदारानं एकेक हात वर करायचा.

आमची जमीन सासऱ्यांच्या मागं आत्याबाईंच्या नावावर. माझी सासू तानुबाई, तिला मी आत्याबाई म्हणते. म्हणजे आमच्या घरचा हात तिचा.

"देसान ना हात, आत्याबाई?" मी विचारलं.

"देईन नाही तर काय करीन? पोरीच्या पायापरीस का आणा मोठा हाये?" असं म्हणून तिनं शालूच्या पायाचा मुका घेतला. माझ्या जिवातला घोर गेला.

तो परत यायला चार दिवससुद्धा लागले नाहीत.

आधी कोणी म्हणालं, पट्टी साऱ्यावर नाही, बंडीच्या चाकावर आहे. मग कोणी म्हणालं, चाकावर आणि बैलाच्या खुरावरही. विहिरीवर एक म्हातारी शपथेवर सांगत होती की कोंबडी सडक ओलांडून गेली तरी तिची पावती फाडणार. निवृत्ती हसायचे. "मंग कोंबडीले शिकोनं लागन, सडकेच्या अलीकडंच अंडे दे म्हणून." मीही हसत होते. पण हसता हसता मनात येत होतं, हे बोलणं येतं कुठून? दर सकाळी नवं. कालचं शिळं झालं की आजचं ताजं हजर.

त्यातच भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसल्या. आमच्याकडे महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघर जातात, मातीच्या भुलाबाईपुढं टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, मग घरवाली झाकून आणलेली खिरापत हलवते आणि पोरींनी ओळखायची. गाणी सगळी सासर-माहेराची. ती कोणी केली, कधी केली, हे कोणी विचारत नाही. आईनं म्हटली, तिच्या आईनं म्हटली, बस.

त्या संध्याकाळी पोरी आमच्या ओसरीवर आल्या. नेहमीची गाणी झाली, आणि मग त्यांनी एक नवीन सुरू केलं:

*मोटर आली, पट्टी आली, नाका बसला वाटंले,*
*कसा येईन भाऊ माहा भुलाबाईच्या भेटीले?*
*लेकीमागं चार आणे, कडेवरच्याचे दोन वं,*
*नाही दिले त भुलाबाई, सासरीच राहोन वं.*

चाल इतकी गोड की शालू माझ्या मांडीवर डोलायला लागली. मी आत्याबाईंकडे पाहिलं. तिचा खिरापतीच्या डब्यावरचा हात तसाच थांबला होता.

माझी नणंद रुख्मिणी मेहकरला दिलेली. सासरचे मोठे करडे. दिवाळीला निवृत्ती दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, घेऊन तिला आणायला जातात तेव्हा दरवर्षी तिथं काहीतरी निघतं. कधी म्हशीचं दूध काढायला कोणी नाही, कधी दिराला ताप आहे. आत्याबाई दसऱ्यापासूनच वाटेकडे डोळे लावून बसते.

पोरी गेल्यावर ती म्हणाली, "ऐकलं काय व?"

"गाणं हाये ते, आत्याबाई."

"भुलाबाईच्या गाण्यात खोटं राह्यते काय?"

"पण त्यात मोटर हाये. मोटर येऊन किती वर्सं झाली? मंग गाणं जुनं कसं?"

ती माझ्याकडे कीव केल्यासारखी पाहत राहिली. "भुलाबाईले समदं आधीच कळते," ती म्हणाली. आणि त्या रात्री तिनं शालूच्या पायाला तेल चोळलं नाही, मला चोळायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पोरींना धरून धरून विचारलं. गाणं कोणी शिकवलं? ही म्हणे तिनं, ती म्हणे हिनं. शेवटी पहिलीचंच नाव आलं आणि पोरी फिदीफिदी हसत पळाल्या.

गावात मात्र लोकांनी उत्तर काढून ठेवलं होतं. "रहेमतुल्लाचं काम. मोटर आली का त्याच्या दमणीले कोन इचारते?" रहेमतुल्ला भाड्यानं दमणी हाकायचा. त्याची बायको अख्तरी आमची शेजारीण. शालूच्या प्लास्टरवरून चढवायला तिनं जुन्या रजईचा मोजा शिवून दिला होता, त्यावर छोटासा तांबडा मोर. खरं सांगते, तरीही माझ्या मनात संशय आला. तिच्या हातचा मोजा पोरीच्या पायात चढवताना मी विचार करत होते, हीच तर नसेल? संशयाला शिवण दिसत नाही.

दुसरा संशय गीतेवर. गीता भगवानरावांची सून, माझ्याच वयाची. आम्ही दोघी एकाच खडकावर धुणं धुवायचो. तिच्या घरची भुलाबाई गावात सगळ्यात सजलेली, आणि तिथली खिरापत खामगावच्या पेढ्यांची. पोरी तिथं रोज जायच्या आणि उशिरापर्यंत राहायच्या.

मी मग एक केलं. अख्तरीला कुंपणावरून म्हटलं, "भाबी, कोणाले सांगू नका, नाका नाल्यावर होणार हाये म्हणतात." आणि धुण्याच्या खडकावर गीतेला म्हटलं, "कोणाले सांगू नको व, नाका मोठ्या वडापाशी होणार. आडवी लोखंडी साखळी लावणार." दोन्ही मीच रचलेलं. साखळी तर त्या क्षणी सुचली, लुगडं पिळता पिळता.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी पोरी आल्या, टिपऱ्या वाजल्या आणि गाण्याला शेपूट फुटलेलं:

*मोठ्या वडाखाली साखळी, साखळीले कुलूप वं,*
*किल्ली नाही भावापाशी, उभा राह्यला चुप वं.*

वड आणि साखळी मी गीतेला सांगितलेली. कुलूप मी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी घातलं होतं.

सकाळी मी खडकावर गीतेला गाठलं. "वडाचं मी फक्त तुले सांगतलं होतं, गीते."

तिनं हातातलं धुणं पाण्यात सोडलं. म्हणाली, "मामंजी रोज जेवताना इचारतात, बाया काय बोलून राह्यल्या? मले वाटलं, सुनेशी बोलतात, मायेनं इचारतात. मी सांगो. सासूबाई आत बसून पोरीईले गाणं शिकोतात, तवा मले कळलं." तिनं माझा हात धरला. "माहं नाव घेशीन त मले माहेरी नेऊन टाकतीन. अन् तिथून आणाले कोणी येणार नाही, नाका असो का नसो."

मी तिला वचन दिलं. राग आला होता, पण तिचं वाहून चाललेलं धुणं मीच पाण्यातून काढून दिलं.

आता मला कळलं होतं की कोण आणि का. बोर्डाची मोटर आली तर लारीचं भाडं मनात येईल तेवढं घेता येणार नव्हतं. पण कळून काय उपयोग? तोवर माझी साखळी गावभर झाली होती. गुराख्यानं ती गाडीतून उतरवताना पाहिली. लोहारानं तिचं वजन सांगितलं. एकानं तर वडाखालून जायचं सोडून शेतातून वाट पाडली, आणि ज्याच्या शेतातून पाडली त्यानं त्याला झोडपलं. आधीच्या गोष्टी हवेतल्या होत्या. माझ्या लबाडीला जागा होती, झाड होतं, सावली होती. लोकांना ती खरी वाटली.

आणि सगळ्यात खरी वाटली आत्याबाईंना.

"माह्या रुख्मीची वाट त त्याच वडाखालून," ती चुलीपाशी बसून म्हणाली. "तिच्या सासरच्याईले निमितच पाह्यजे. आता म्हणतीन, लेकीमागं पैसा भरून कायले पाठवाव? मी हात नाही देणार, सूनबाई."

"अन् शालूचा पाय?"

ती रडायला लागली. "दोन्ही माह्याच हायेत व. एक तिकडं अडकली, एक इथं. मी कोणाले सोडू?"

मला तिच्यावर रागावता आलं नाही. शालू तिच्या पाठीला धरून एका पायावर उभी राहत होती, पडत होती, पुन्हा उभी राहत होती आणि खूश होती. मी भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच आत्याबाईंच्या पायावर ठेवले.

"वडापाशी काही नाही, आत्याबाई. साखळी नाही, नाका नाही. ते मी रचलं. खोटं कुठून येते हे पाहाले म्या खोटं सोडलं."

मी सगळं सांगितलं. गीतेचं नाव सांगितलं आणि ते बाहेर जाऊ देऊ नका म्हणून हातही जोडले. आत्याबाईंचं रडणं थांबलं, पण माझ्याकडे तिनं जे पाहिलं ते काही बरं नव्हतं.

"म्हणजे आतापर्यंत एक लबाड होता," ती म्हणाली, "आता दोन झाले. तू आज खरं बोलून राह्यली कशावरून? हात पाह्यजे म्हूनही म्हणशीन."

"शालूची आण."

"पोरीची आण खाऊ नको!" ती ओरडली. शालू दचकून माझ्याकडे रांगत आली. आत्याबाई उठली, पदर सावरला. "भगवानरावाले दिराच्या जागी मानलं म्या. कोन लबाड, हे मी सभेत पाहीन."

तिथून सभेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. निवृत्तींना काही सांगितलं नाही. मलाही झोप लागेना. ती मला ओळखते, तसंच भगवानरावांनाही ओळखते, माझ्यापेक्षा जास्त वर्षं.

सभेला दुसऱ्या बायका नव्हत्याच. खातेदार म्हणून आत्याबाई पाराच्या कडेला बसली, आणि तिच्या मागं शालूला घेऊन मी. बोर्डाचे मेंबर अर्जुनराव बंद गळ्याच्या कोटात घामाघूम झाले होते. त्यांनी समजावून सांगितलं, आण्याशिवाय दुसरा पैसा नाही, लेकीवर नाही, बैलावर नाही, नाका कुठंही बसणार नाही.

भगवानराव शांतपणे उठले. "नाका नाही म्हणता साहेब. मंग वडापाशी साखळी कायची?"

अर्जुनराव गोंधळले. "कोणता वड?"

"पाहा, पाहा तोंड!" मागून कोणी ओरडलं. "कसं पांढरं पडलं!"

"साखळी? मला काही माहिती नाही साखळीची..."

"यायले नसन माहीत," भगवानराव लोकांकडे वळून म्हणाले, "पण मले हाये. मी सोता बुलढाण्याले जाऊन नकाशा पाह्यला. वड काढेल हाये, वडापाशी साखळी, अन् बाजूले शिपायाची खोली. ह्या डोयानं पाह्यला."

लोकांत गलका झाला. क्षणभर मलाच वाटलं, खरंच असेल तर? मी रचलं आणि तसंच निघालं तर?

आत्याबाई उठली. एवढ्या माणसांत ती कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला आणि सोडला.

"भगवानराव, वड कोन्या रंगानं काढेल होता?"

"हिरव्या, वहिनी. झाड का काळं काढतीन?"

"अन् साखळी?"

"लाल."

"तुमी पाह्यली?"

"देवाशपथ."

आत्याबाईंनी मान हलवली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"ती साखळी माह्या घरात जन्मली, भगवानराव," ती म्हणाली. "माह्या सुनेनं केली, सोताच्या मनानं. रंगही नव्हता तिले. ती बुलढाण्याले कवा गेली अन् लाल कवा झाली, ते सांगा."

आधी कोणाला कळलं नाही. मग लोहार हसला, तोच, ज्यानं वजन सांगितलं होतं. मग इतर. "अन् खोली कोनं बांधली हो, भगवानराव? गवंडी कोन होता?"

भगवानराव हसले नाहीत. "बायामाणसाच्या पोरखेळावर सभा चालवता का?" ते म्हणाले, पण त्यांची नजर माझ्यावर होती. ही कुणापाशी बोलली असेल, हे शोधणारी. मी शालूला छातीशी घट्ट धरलं आणि मनात गीतेसाठी देवाला हाक मारली.

"आता हात वर करा," अर्जुनराव घाईनं म्हणाले. त्यांना वाटलं, काम झालं.

"थांबा, साहेब," आत्याबाई त्यांच्याकडे वळली. "त्यांचं खोटं निघालं म्हूनशान तुमचं खरं झालं, असं नाही. पट्टी त तुमी घेसान. मोटर येईन कशावरून?"

"बोर्डाचा ठराव झालेला आहे आई, बारमाही मोटर..."

तिनं मला काही विचारलं नाही. शालूला माझ्या कडेवरून उचललं, अख्तरीचा मोजा काढला आणि पोरीचा पाय अर्जुनरावांच्या पुढं धरला. "हा हातात घ्या. अन् मंग सांगा."

त्यांनी आधी दोन बोटांनी धरला, कोटाला लागेल म्हणून जपून. मग शालूनं झटका दिला तशी त्यांनी पूर्ण मूठ केली. वळलेली टाच त्यांच्या तळव्यात बसली. ते तिच्याकडे पाहत राहिले. बोलायला लागले तेव्हा त्यांचा मघाचा सभेतला आवाज राहिला नव्हता.

"रपटा होईल," ते म्हणाले. "पट्टी जमा झाली की होईल, ते काम माझ्याकडे आहे. पण मोटर चालवायला अजून माणूस मिळालेला नाही. आम्ही शोधतो आहोत. पुढच्या पावसाळ्याआधी मिळेल की नाही... मला माहीत नाही, आई."

"ऐका! ऐका!" भगवानराव दोन्ही हात वर करून म्हणाले. "सोताच्या तोंडानं बोलले! मोटर नाही, अन् पट्टी घ्या!"

पारावर कुजबुज सुरू झाली. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. निवृत्तींनी कपाळाला हात लावला. झालं, मला वाटलं. अजून एक पावसाळा, अजून एक गळून पडलेलं प्लास्टर.

आत्याबाई मात्र अर्जुनरावांच्या तोंडाकडेच पाहत होती, भाजी घेताना वांगं फिरवून पाहावं तशी.

"पुनवेपासून समदे मले सांगून राह्यले," ती म्हणाली. "गाण्यात सांगतात, पारावर सांगतात. मले माहीत नाही असं म्हणणारा हा पह्यलाच भेटला." तिनं शालूचा मोजा कमरेला खोचला. "रपटा झाला त बंडी त पार होते. बंडी पार झाली त पोरगी खामगावले जाते. अन् माही रुख्मीही त्याच वाटंनं येते. मोटरीचं मंग पाहू."

आणि शालूला अर्जुनरावांच्या कडेवर देऊन तिनं हात वर केला. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला.

निवृत्तींच्या शेजारच्या एकानं केला. रहेमतुल्लानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत केला. लोहारानं केला. काहींनी अर्धाच केला, खांद्यापर्यंत, उद्या नाही म्हणायची सोय ठेवून.

हात मोजायचे होते, पण अर्जुनरावांचे हात गुंतलेले. शालू त्यांच्या कोटाच्या गुंड्या ओढत होती, आणि तिचा पाय त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी मानेनं कोतवालाला खुणावलं. कोतवालानं मोजले. आमचे जास्त निघाले. भगवानराव म्हणाले, पुन्हा मोज. त्यानं पुन्हा मोजले. थोडेच, पण आमचेच जास्त होते. मीही त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत होते, त्याच्यावरही माझा भरवसा नव्हता.